रिपोर्टच्या तळाची ओळ शेवटी वाचा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दवाखाना चालवणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी मला पीएफटीच्या, म्हणजे नळीत फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या तपासणीच्या, दोन रिपोर्टचे फोटो पाठवलेत. पहिला ५८ वर्षांच्या बाईंचा. आयुष्य चुलीपुढं गेलेलं, दोन वर्षं चढावर धाप लागते. एफव्हीसी, म्हणजे छाती भरून जोरानं फुंकलेली एकूण हवा, १.६२ लिटर, वय-उंचीप्रमाणं अपेक्षिताच्या ६८ टक्के. एफईव्ही-१, म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदातली हवा, १.३४ लिटर, ६७ टक्के. एफईव्ही-१ ला एफव्हीसीनं भागून येणारं गुणोत्तर ०.८३. खाली मशीननं छापलंय: ‘मॉडरेट रिस्ट्रिक्शन’, म्हणजे मध्यम आकुंचन, फुफ्फुसात हवाच कमी मावते. सीटी स्कॅन करायला सांगू का, असा त्यांचा प्रश्न. दुसरा रिपोर्ट बावीस वर्षांच्या मुलाचा. सुगीच्या दिवसांत रात्री खोकला, छातीत सूं-सूं वाजतं, पण रिपोर्ट नॉर्मल. मग दमा नाही असं समजायचं का?

डॉक्टर, बाईंना सीटीला पाठवू नका. निदान या कागदावरून तरी नको.

तुम्ही आकडे कळवलेत, पण ज्या आकड्यानं सगळं उलटतं तो फोटोच्या वरच्या कोपऱ्यात आहे. फुंकण्याचा वेळ: २.१ सेकंद. त्याच्याशेजारी तिन्ही प्रयत्नांची एफव्हीसी आहे: १.६२, १.३१, १.१८. म्हणजे बाईंनी दोन सेकंद फुंकलं आणि सोडून दिलं, आणि दर खेपेला आधीपेक्षा कमी फुंकलं. ‘पूर्ण फुंकलेली हवा’ म्हणून मशीननं जे मोजलं ते अर्धवट होतं. एफव्हीसी खोटी कमी आली की गुणोत्तर खोटं वाढतं, आणि अडथळ्याचा आजार, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन हवा बाहेर पडायला वेळ लागतो तो, आकुंचनाच्या आजाराचं सोंग घेऊन कागदावर उतरतो. मशीनची चूक नाही. त्याला मिळालं तेवढंच त्यानं छापलं.

तळाची ती एक ओळ मी हातानं झाकून रिपोर्ट वाचते. पंचवीस वर्षांची सवय आहे. शिकाऊ डॉक्टर हसतात, पण ओळ एकदा डोळ्यांत शिरली की बाकीचे आकडे आपण तिच्या बाजूचे साक्षीदार म्हणूनच तपासतो.

मी आधी आलेख बघते, दोन्ही. प्रवाह-घनफळाच्या आलेखात सुरुवातीचं टोक उभं आणि टोकदार हवं. घुमटासारखं गोल असेल तर जोर लावलेला नाही. पहिल्या सेकंदात खोकल्याची दातेरी खाच असेल तर तो प्रयत्न एफईव्ही-१ साठी बाद. मग घनफळ-वेळेचा आलेख. शेवटी रेषा सपाट झाली पाहिजे, म्हणजे शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा आली पाहिजे, किंवा फुंकणं १५ सेकंद तरी चाललेलं हवं. रेषा चढत असतानाच कापली गेली असेल तर मी त्या एफव्हीसीवर शब्दसुद्धा खर्च करत नाही. त्यानंतर दोन सर्वोत्तम प्रयत्नांतला फरक. एफव्हीसीत १५० मिलिलिटरच्या आत आणि एफईव्ही-१ मध्येही तेवढ्याच आत. तीन चांगले प्रयत्न हवेत, आणि ते मिळेपर्यंत मोठ्या माणसाकडून आठपर्यंत करून घेता येतात. आपल्याकडं तिसऱ्याला कंटाळून प्रिंट काढतात.

आता आपल्या भागाचं एक सांगते, ते पुस्तकात नसतं. ही तपासणी म्हणजे एक हुकूम आणि त्याचं पालन. हुकूम कुठल्या भाषेत देताय यावर आकडा ठरतो. आपल्याकडचा तंत्रज्ञ बऱ्याचदा कन्नड बोलणारा, समोरची आज्जी खानापूरच्या जंगलाकडून आलेली, मराठीशिवाय काही न कळणारी. तो बिचारा ‘जोरागी ऊदी, ऊदी’ म्हणून घसा फोडतो, ती त्याच्या तोंडाकडं बघत बसते. उलटही होतं. गोकाकहून आलेल्या कन्नड आजोबांना माझीच मराठी मुलगी ‘फुंका, फुंका’ म्हणत होती. यात सीमावाद नका आणू. तंत्रज्ञाला दोन्ही भाषांतली चार-चार वाक्यं पाठ हवीत, एवढंच.

आणि शब्दही नीट निवडावा लागतो. मी सुरुवातीला चुलीवरच्या बायकांना सांगायची, ‘मावशी, फुंकणीतून फुंकता तसं फुंका.’ वाटलं होतं, किती चपखल सुचलं. पण फुंकणी फुंकताना बाई गाल फुगवते आणि बारीक धार सोडते, दमानं, राख उडू नये म्हणून. स्पायरोमीटरला, म्हणजे फुंकण्याच्या या यंत्राला, नेमकं उलटं हवं: आधी छाती गच्च भरून, मग एकदम धडाका, आणि मग शेवटपर्यंत पिळणं. आता मी म्हणते, ‘पहिल्यांदा बंधारा फुटल्यासारखं सोडा, आणि मग ओलं लुगडं पिळता तसं पिळत राहा, थेंब न् थेंब.’ हे लगेच कळतं. एकदा एक काका नळी तोंडात ठेवूनच ओरडले होते, ‘फुंकूलालोय की!’ तो प्रयत्नही बाद झाला, अर्थात.

अशाच एक मावशी माझ्याकडं कुठल्याशा शिबिरातला ‘रिस्ट्रिक्शन’चा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. एफव्हीसी तुमच्या बाईंसारखीच, दीड लिटरच्या वर थोडी. उंची लिहिली होती १५३ सेंटिमीटर. मोजली तर १४८. शिबिरात कुणी मोजलीच नव्हती, विचारून लिहिली होती. फुंकायला शिकवण्यात वीस मिनिटं गेली, आणि सहाव्या प्रयत्नाला एफव्हीसी २.०६ आली, एफईव्ही-१ १.३६. गुणोत्तर ०.६६. एफईव्ही-१ जवळजवळ तेवढीच राहिली, कारण ती पहिल्या सेकंदातली असते. बदलली ती एफव्हीसी, आणि निदान आकुंचनाचं अडथळ्यावर आलं. श्वासनळ्या उघडणाऱ्या औषधाचे चार पफ दिल्यावर गुणोत्तर ०.६८. विडी कधी ओढली नाही, सिगारेट नाही. चाळीस वर्षं चुलीचा धूर, आणि पावसाळ्यात ओली लाकडं. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. नवऱ्याला पटेना: ‘ही तर तंबाखू ओढत नाही हो.’ मशेरी मात्र रोज तव्यावर भाजायची, आणि तो धूर कुणी हिशेबात धरलाच नव्हता. बायकांना ‘तंबाखू ओढता का’ असं विचारून थांबू नका. मशेरीचं विचारा.

उंचीचा आणि वयाचा मुद्दा थोडा सविस्तर सांगते, कारण ‘६८ टक्के’ हा आकडा अर्धा बाईंच्या फुफ्फुसातून येतो आणि अर्धा त्या दोन रकान्यांतून. फुफ्फुसाची क्षमता उंचीबरोबर वाढते हे जॉन हचिन्सननं १८४६ मध्ये दोन हजारांवर माणसं मोजून दाखवलं. तरी आपण उंची विचारून लिहितो. जुन्या युरोपीय समीकरणांप्रमाणं बाईच्या उंचीत एक सेंटिमीटर वाढला की अपेक्षित एफव्हीसी साधारण ४४ मिलिलिटरनं वाढते. पाच सेंटिमीटरची चूक म्हणजे दोनशेवर मिलिलिटर. पाठीला पोक आलेल्या आज्जींची उभी उंची घेऊच नका, दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर घ्या.

वयाचं तर विचारूच नका. आपल्या भागात एका पिढीचा जन्म १ जूनला झालाय आणि बाकीच्यांचा आधार कार्डावर १ जानेवारीला. शाळेत मास्तरांनी घातलेली तारीख तीच पुढं आली. माझी पद्धत अशी: ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा केवढ्या होता?’ तो डिसेंबर १९६७ चा. ‘पाच-सहा वर्षांची असेन, आईनं हात धरून अंगणात काढलं’ असं उत्तर आलं तर कार्डावरचे ५८ विसरा. दर वर्षी अपेक्षित एफव्हीसी आणि एफईव्ही-१ साधारण २५-३० मिलिलिटरनं उतरतात, म्हणजे पाच वर्षांच्या घोटाळ्यानं सव्वाशे-दीडशेचा फरक.

तिसरा रकाना: मशीन कुठल्या लोकांशी तुलना करतंय? सेटिंगमध्ये जाऊन बघा. आपल्याकडं कित्येक यंत्रांत युरोपीय समीकरण आहे तसंच चालू असतं, काही ठिकाणी त्याला ०.९० नं गुणलेलं असतं. २०१२ मध्ये जगभरच्या माहितीवरून, ३ ते ९५ वर्षांपर्यंतची समीकरणं आली, पण त्यात भारतीयांचा वेगळा गट नव्हता. आपल्याला ‘इतर’मध्ये बसवून घ्यावं लागायचं. अलीकडं वंशाचा रकानाच काढून टाकून सगळ्यांना एकच समीकरण लावावं असा प्रवाह आहे, आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं तसं सुचवलंही. कुठलं बरोबर यावर वाद घालण्यात मला रस नाही. एकाच माणसाचे दोन रिपोर्ट दोन वेगळ्या समीकरणांवर काढून ‘आजार वाढला’ असं म्हणू नका, इतकं पुरे. बेळगावला एक, मिरजेला दुसरा, कोल्हापूरला तिसरा, असं करत रुग्ण फिरतो. टक्के जुळवत बसू नका, लिटर जुळवा.

मग गुणोत्तर. ०.७० ची सरळ रेषा सोपी आहे, सीओपीडीच्या निदानासाठी औषध दिल्यानंतर तीच वापरतात. पण माणूस म्हातारा होतो तसं गुणोत्तर आपोआप उतरतं. पंच्याहत्तरीच्या आजोबांचं ०.६७ वयाला साजेसं असू शकतं आणि पंचविशीतल्या पोराचं ०.७२ चिंतेचं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘खालची मर्यादा’ किंवा झेड स्कोअर (आकडा त्या वयाच्या अपेक्षित आकड्यापासून किती दूर आहे ते) दिला असेल तर तो बघा. उणे १.६४५ च्या खाली गेला तर खरा कमी. निपाणीच्या एका आजोबांना केवळ ०.६८ वर कुणीतरी तीन इनहेलर दिले होते. त्यांना धाप नव्हती, खोकला नव्हता, रोज सकाळी शेतावर चालत जायचे. दोन मी बंद केले, तिसरा त्यांनीच बंद केला होता.

गुणोत्तर ठीक, एफव्हीसी कमी, आणि फुंकणं खरोखर चांगलं झालंय, अशा वेळी मग आकुंचनाचा विचार. पण स्पायरोमीटर छातीत उरलेली हवा मोजू शकत नाही. आकुंचन सिद्ध करायला एकूण क्षमता मोजावी लागते, आणि ती सोय मोठ्या रुग्णालयातच. पोट सुटलेल्या, मधुमेही माणसातही हे चित्र दिसतं. हवा आत अडकून राहणाऱ्या दम्यातही दिसतं. उलट एफव्हीसी चांगली असेल तर आकुंचन जवळपास बाद करता येतं, तिथं हा आकडा खरा कामाचा.

डीएलसीओची, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो त्या तपासणीची, एक गोष्ट मात्र आपल्याकडं रोज लागते. साखर कारखान्याच्या पट्ट्यात, अथणी-चिकोडीकडं, बुरशी चढलेल्या चिपाडात काम करणाऱ्यांना फुफ्फुसाची ॲलर्जीची सूज होऊ शकते, आणि तिथं डीएलसीओ आधी उतरतो. म्हणून मी तो मागवते. पण एकदा एका बाईंचा ६२ टक्के आला, आणि सगळे घाबरून गेले. मी हिमोग्लोबिन विचारलं. केलंच नव्हतं. केलं तर ७.५. बायकांसाठीची दुरुस्ती अशी: ९.३८ अधिक हिमोग्लोबिन, भागिले १.७ गुणिले हिमोग्लोबिन. त्यांच्या बाबतीत ती १.३२ भरते, म्हणजे ६२ चे ८२ होतात. फुफ्फुस ठीक होतं, रक्त कमी होतं, आणि धापही त्याचीच होती. लोहाच्या गोळ्यांवर बाई सुधारल्या. हिमोग्लोबिनशिवाय डीएलसीओ मी वाचतच नाही.

औषधानंतरच्या वाढीबद्दल दोन चुका रोज दिसतात. एक, पफ दोनच देतात आणि पाच मिनिटांत पुन्हा फुंकायला लावतात. सॅल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० चे चार पफ, स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या पोकळ डब्यातून) एकेक करून, आणि निदान पंधरा मिनिटं थांबायचं. दुसरी चूक टक्केवारीची. एफईव्ही-१ ०.८० ची ०.९२ झाली की मशीन ‘१५ टक्के सुधारणा’ छापतं आणि दम्याचा शिक्का बसतो. पण वाढ फक्त १२० मिलिलिटर आहे. जुन्या नियमाला १२ टक्क्यांबरोबर २०० मिलिलिटरही लागायचे. नवा नियम म्हणतो, अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ हवी. अपेक्षित १.८० असेल तर ही वाढ साडेसहाच टक्के. दोन्ही नियमांनी नापास. आणि वाढ आली नाही म्हणून ‘इनहेलरचा उपयोग नाही’ असंही कुणी म्हणू नये. ती त्या दिवसाची, त्या पंधरा मिनिटांची गोष्ट असते.

जुना टीबी झालेले रुग्ण आपल्याकडं भरपूर. ‘बरा झाला’ म्हणून फाइल बंद होते, पण पुढं दहा वर्षांनी गुणोत्तर ०.५८, आणि औषधानं फरक नाही. त्याला दमा म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. आधी एक्स-रे समोर धरा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या कुणालाही थुंकी तपासल्याशिवाय फुंकायला बसवू नका, त्याच्यासाठी आणि त्याच्यानंतर नळी धरणाऱ्यासाठी. फिल्टर प्रत्येकाला नवा. हृदयाचा झटका येऊन आठवडा झाला नसेल, खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर तपासणी पुढं ढकला.

आलेखाचा वरचा भाग सपाट कापल्यासारखा दिसला तर गळा तपासा: गलगंड, किंवा अतिदक्षता विभागात नळी घातल्यानंतर श्वासनलिका आवळलेली. ते क्वचित, पण चुकलं तर महागात पडतं.

‘नॉर्मल’ या शब्दाबद्दल माझं एक दुखणं आहे, आणि त्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर येतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत साचे फोडणारा कामगार, एक्केचाळीस वर्षांचा. एफईव्ही-१ ३.०५, रिपोर्टवर नॉर्मल. त्याच्या पिशवीत चार वर्षांपूर्वीचा कागद होता: ३.६०. तोही नॉर्मल. चार वर्षांत वयानं जायला हवे होते सव्वाशेच्या आसपास मिलिलिटर, गेले साडेपाचशे, म्हणजे १५ टक्क्यांहून थोडे जास्त, आणि वर्षावर्षांच्या तपासणीतली घट खरी मानायला साधारण तेवढा फरक लागतो. एक्स-रेत वरच्या भागात बारीक ठिपके होते. वाळूतल्या सिलिकाचे. सिलिकोसिस हा कायद्यानं कळवायचा आजार आहे, आणि तो झालेल्याला टीबीचा धोकाही जास्त. दोन ‘नॉर्मल’ कागदांच्या मधोमध हा आजार बसला होता, कारण दोन्ही कागद कुणी शेजारी ठेवले नव्हते. धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगा, रिपोर्ट फेकू नका, रेशन कार्डाबरोबर ठेवा.

आता तुमचा बावीस वर्षांचा मुलगा. दमा हा येणारा-जाणारा आजार आहे. त्याला तुम्ही दुपारी बारा वाजता, सुगी नसताना, बहुधा सकाळी इनहेलर घेऊन आलेल्या अवस्थेत फुंकायला लावलंत. नॉर्मल येणारच. त्याला पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकण्याचा सर्वांत जास्त वेग मोजणारं छोटं यंत्र, द्या. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून मोठा आकडा वहीत लिहायचा, औषध सुरू करण्याआधी. रोजच्या जास्तीत जास्त आणि कमीत कमी आकड्यांतला फरक त्या दिवसाच्या सरासरीच्या टक्क्यांत काढा, आणि त्या टक्क्यांची सरासरी १० च्या वर गेली तर दमा धरा. मळणी चालू असतानाचा आठवडा त्यात यावा असं बघा. रिपोर्टमधला ‘लहान वायुमार्ग’ म्हणून छापलेला मधल्या प्रवाहाचा आकडा ५८ टक्के आहे, हे मी पाहिलंय. एकट्या त्या आकड्यावर काही ठरवू नका, तो दर खेपेला इतका हलतो की विश्वास ठेवण्यासारखा नाही. मळणीच्या दिवसांत त्रास होत असताना पुन्हा स्पायरोमेट्री करा, आणि त्या दिवशी इनहेलर सहा तास तरी घेऊ नको असं सांगा. तो चोवीस तास चालणारा इनहेलर घेत असेल तर एवढ्यानं भागणार नाही, दीड दिवस थांबावं लागेल. धाप फारच लागली तर मात्र इनहेलर घ्यायचा, तपासणी दुसऱ्या दिवशी.

बाईंना बुधवारी सकाळी पाठवा, माझी तंत्रज्ञ त्या दिवशी निवांत असते. उपाशी आणू नका, भाकरीचा चतकोर खाऊन येऊ देत, पोट गच्च भरून मात्र नको. चोळी-साडी कमरेला घट्ट नको. कवळी असेल आणि नीट बसत असेल तर तोंडातच ठेवायची. मराठी-कन्नड दोन्ही बोलणारं कुणी बरोबर असलं तर बरं, नसलं तरी चालेल. चिठ्ठीवर हिमोग्लोबिन लिहा, चुलीची वर्षं लिहा, मशेरीचं विचारून लिहा, आणि उंची भिंतीला उभं करून, चप्पल काढून मोजलेली लिहा. वय मी विचारते, कोयनेवरून.